छोट्या नौकेतील गोड्या पाण्याच्या पंपाचा आवाज: कारण शोधण्याची आणि उपाय करण्याची रीत

मुंबई बंदरात मुरिंगवर उभी राहणारी पाल-नौका असो, गोव्यातील नदीत बांधलेली केबिनची मोटरबोट असो, की परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाने हौसेने घेतलेली लहानशी क्रूझर असो, तिच्या मालकाला पहिल्या-दुसऱ्या मोसमातच एक प्रश्न पडतो. रात्री कोणी हात धुण्यासाठी नळ उघडला की बिछान्याखालून घरघर सुरू होऊन केबिनमधील प्रत्येकाची झोप मोडते, तर या पंपाचे करावे काय? या प्रश्नाला मिळणारी उत्तरे परस्परविरोधी असतात. कोणी नवा आणि मोठा पंप घेण्यास सांगतो, कोणी पंप फोमच्या पेटीत बंद करण्यास सांगतो, कोणी खाली रबराचा तुकडा घालण्यास सांगतो. आणि यांपैकी एक किंवा तिन्ही उपाय करूनही आवाज बराचसा तसाच राहिल्याचे अनेकांच्या अनुभवास येते. उपाय वाईट असतात म्हणून असे घडत नाही, तर आवाज कोणत्या वाटेने कानापर्यंत पोहोचतो हे न शोधताच ते केलेले असतात म्हणून घडते. ज्या वाटेने आवाज येतो तीच अडवली पाहिजे, या एका सूत्रावर पुढील सर्व विवेचन आधारलेले आहे.

पंप चालतो कसा आणि वाजतो कशामुळे

छोट्या नौकांवर बहुधा १२ व्होल्टवर चालणारा डायफ्रॅम पंप बसवलेला असतो. डायफ्रॅम म्हणजे लवचीक रबरी पडदा. मोटरच्या दांड्यावर किंचित तिरकी बसवलेली चकती फिरू लागली की ती या पडद्याला आळीपाळीने मागेपुढे हलवते. पडदा मागे सरला की टाकीतील पाणी आत ओढले जाते, पुढे आला की ते नळाकडे रेटले जाते, आणि रेटलेले पाणी परत फिरू नये म्हणून आत लहान झडपा असतात. घरगुती आरओ शुद्धकातील गुणगुणणारा पंप याच जातीचा, पण फारच कमी पाणी देणारा असतो. या रचनेमुळे पाणी सलग न वाहता ठोक्याठोक्याने वाहते. पंपात दोन कप्पे असतील तर मोटरच्या एका फेऱ्यात दोन मोठे ठोके पडतात, चार किंवा पाच कप्पे असतील तर ठोक्यांची संख्या वाढते पण प्रत्येक ठोका सौम्य होतो.

पंपाच्या तोंडाशी दाबाचा स्विच असतो. नळ बंद केल्यावर पाइपमधील दाब चढत जातो आणि ठरावीक पातळीला, बऱ्याच पंपांत ३५ ते ४५ पीएसआयला, हा स्विच मोटर बंद करतो. नळ उघडल्यावर दाब १० ते २० पीएसआयने उतरला की तोच स्विच मोटर पुन्हा सुरू करतो. यातील पहिल्या पातळीला येथे ‘थांबण्याचा दाब’ आणि दुसऱ्या पातळीला ‘सुरू होण्याचा दाब’ असे म्हटले आहे, कारण पुढे दाबटाकीचा विचार करताना या दोन आकड्यांवाचून काहीच ठरवता येत नाही.

पंपाचा आवाज तीन वाटांनी पसरतो. पहिली वाट पंपाच्या पायांतून तो ज्या फळीवर बसवला आहे त्या फळीत जाते, दुसरी पाइप आणि पाइपमधील पाणी यांच्यामार्फत नौकेच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि तिसरी मोटरपासून थेट हवेतून कानापर्यंत येते. बहुतेक लोक तिसऱ्या वाटेवर पैसे खर्च करतात. मात्र छोट्या नौकेत सर्वांत मोठा वाटा पहिल्या वाटेचा असतो. तंबोऱ्याच्या तारेचा क्षीण नाद भोपळ्यामुळे दालनभर ऐकू येतो, तसा पंपाचा मूळचा माफक आवाज बिछान्याखालच्या पोकळ कप्प्याच्या पातळ प्लायवूडमुळे अनेक पटींनी मोठा होतो.

आवाज ही बिघाडाची खूण नाही ना, हे प्रथम पाहावे

आवाज दाबण्याच्या खटपटीस लागण्यापूर्वी तो काही सांगू पाहत आहे का, हे ठरवणे आवश्यक आहे, कारण बिघडलेल्या पंपाचा आवाज झाकला तर बिघाड वाढत जातो आणि तो कळेपर्यंत टाकी रिकामी झालेली असते. पुढील खुणा स्पष्ट आहेत.

- नळ बंद असूनही पंप अधूनमधून क्षणभर चालतो. कोठेतरी दाब उतरत आहे. नळ ठिबकत असेल, जोड पाझरत असेल, गरम पाण्याच्या टाकीची सुरक्षा-झडप थेंबथेंब सोडत असेल किंवा पंपाच्या आतील झडप पाणी टाकीकडे परत जाऊ देत असेल. पंपाच्या पुढे बंद-चालू करण्याचा कॉक असेल तर तो बंद करून पाहावे. तरीही पंप अधूनमधून चालत राहिला तर दोष पंपाच्या झडपेत किंवा पंप आणि कॉक यांमधल्या जोडात आहे, थांबला तर दोष कॉकच्या पुढे आहे.
- पंप चालतो, पण पाणी कमी येते आणि आवाज कोरडा, खडखडीत येतो. पंपाला पाणी पुरेसे मिळत नाही. पंपाआधीची जाळी गाळाने भरलेली असते, शोषणाचा पाइप चेपलेला किंवा दुमडलेला असतो, अथवा टाकीची हवानळी बुजलेली असते.
- पंप थांबतच नाही आणि नळातून हवा फुरफुरते. शोषणाच्या बाजूच्या जोडातून हवा आत शिरत आहे. असा जोड बाहेरून कोरडाच दिसतो, कारण तेथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून तो नजरेस पडत नाही. पंपाआधी पारदर्शक होजचा लहान तुकडा जोडला तर बुडबुडे दिसतात.
- नळ अर्धा उघडला की पंप सेकंदासेकंदाला चालू-बंद होतो. पंप देतो त्यापेक्षा नळातून कमी पाणी जात आहे. नळाच्या तोंडाची जाळी किंवा पिण्याच्या पाण्याचा फिल्टर तुंबला असल्यास हे आणखी वाढते, म्हणून इतर काही करण्याआधी ते दोन्ही साफ करावेत.
- पूर्वी नसलेला किरकिराट किंवा घासल्याचा आवाज येतो. मोटरचे बेअरिंग झिजलेले असते. पंपाच्या बुडाशी ओल दिसत असेल तर पडदाही फाटलेला असण्याचा संभव असतो. येथे पंप दुरुस्त करणे किंवा बदलणे एवढाच मार्ग उरतो.

हवानळीचा विषय थोडा अधिक लक्ष देण्याजोगा आहे. टाकीतून जेवढे पाणी निघते तेवढी हवा आत यावी लागते. ती न आल्यास टाकीत पोकळी निर्माण होऊन प्लॅस्टिकच्या टाकीच्या भिंती आत ओढल्या जातात आणि पंप धडपडू लागतो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावर महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या नौकांच्या हवानळ्यांत कुंभारमाशी मातीचे घर करते, किंवा तोंडाशी मीठ साचून जाळी बुजते. टाकीचे भरण्याचे झाकण सैल करून पंप चालवून पाहावा. आवाज तत्काळ बदलला तर दोष हवानळीचा आहे, आणि तो एका तारेने व गोड्या पाण्याच्या फवाऱ्याने दूर होतो.

निर्णायक चाचणी

वरीलपैकी काहीच आढळले नाही तर पंप निरोगी आहे असे धरून चालावे आणि आवाजाची वाट शोधावी. त्यासाठी पंपाच्या पायांचे स्क्रू काढावेत, पाइप आणि वायर जोडलेल्याच ठेवाव्यात, पंप जाड घडी केलेल्या टॉवेलवर ठेवून किंवा हातात धरून कोणाला तरी नळ उघडण्यास सांगावे.

आवाज एकदम कमी झाला तर दोष फळीकडे जाणाऱ्या वाटेचा आहे. थोडाच कमी झाला आणि दूरच्या कपाटात किंवा नळाजवळ थरथर ऐकू येत राहिली, तर पाइप दोषी आहेत. काहीच फरक पडला नाही आणि आवाज पंपाजवळच मोठा वाटला, तर मात्र हवेतून येणाऱ्या आवाजाचा विचार करावा. ही चाचणी पाच मिनिटांची आहे आणि तिला काहीही खर्च येत नाही, तरीही ती न करताच खरेदीला जाणारे पुष्कळ असतात.

बैठक: पहिला आणि बहुधा पुरेसा उपाय

पंपाच्या चार पायांत कारखान्यातूनच रबरी बुश येतात. ते बसवताना स्क्रू पूर्ण ताकदीने आवळण्याची सवय असते आणि तेथेच ते निकामी होतात, कारण रबर पूर्ण चेपले की ते घट्ट ठोकळ्यासारखे वागते आणि कंपने जशीच्या तशी पुढे पाठवते. स्क्रू इतकाच आवळावा की पंप जागेवर राहील पण बोटाने ढकलल्यास किंचित हलेल. उष्ण आणि दमट हवेत हे रबर काही वर्षांत कडक होते, त्यामुळे जुन्या नौकेवर बुश बदलणे हाच कधी कधी संपूर्ण उपाय ठरतो.

यानंतर जागेचा विचार करावा. बिछान्याखालची फळी, कपाटाची पाठ किंवा केबिनचे पातळ फायबरचे अस्तर यांवर पंप कधीही बसवू नये. केबिनला आडवी छेदणारी मुख्य भिंत जेथे नौकेच्या अंगाला जोडलेली असते तो कोपरा, किंवा तळातील जाड आधारपट्टी, ही योग्य ठिकाणे होत. तेथे भार आणि ताठपणा अधिक असल्याने कंपनांना पृष्ठभाग थरथरवता येत नाही. शक्य असल्यास जागा टाकीच्या जवळ आणि खालच्या पातळीला असावी, म्हणजे शोषणाचे कामही हलके होते. पंप उभा बसवायचा असेल तर मोटर वर आणि पाण्याचा भाग खाली राहील असे पाहावे, म्हणजे पुढेमागे गळती झाली तरी पाणी मोटरमध्ये उतरणार नाही.

जागा बदलणे शक्य नसल्यास तरंगती बैठक करावी. १८ मिलिमीटर जाडीच्या मरीन प्लायचा पंपापेक्षा थोडा मोठा तुकडा घेऊन त्यावर पंप त्याच्या स्वतःच्या बुशसह बसवावा आणि हा तुकडा मऊ रबराच्या किंवा निओप्रिनच्या चार ठोकळ्यांवर ठेवावा. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, या प्लायला वजन हवे. खालून शिशाचा पत्रा किंवा पोलादाची पट्टी लावल्यास परिणाम स्पष्टपणे वाढतो, कारण जड वस्तूला हलवणे कंपनांना कठीण जाते. दुसरी, ठोकळे त्या वजनाखाली दिसण्याइतके दबले पाहिजेत. असा पंप दोन किलोच्या आसपास भरतो, म्हणून इंजिनाखाली घालायचे कडक रबर त्याच्या वजनाने दबतच नाही आणि त्याचा काही उपयोग होत नाही. प्लायच्या आरपार स्क्रू घालून तो खालच्या फळीला आवळला तर सगळा खटाटोप व्यर्थ जातो. प्लाय केवळ ठोकळ्यांनाच चिकटवलेला किंवा जोडलेला असावा. नौका कलंडल्यावर पंप निसटू नये म्हणून त्याला एक पट्टा लावावा, मात्र तो एरवी सैल राहील इतका लांब ठेवावा.

पाइप: दुर्लक्षित राहणारी वाट

अलीकडच्या नौकांत ढकलून बसणाऱ्या जोडांचे अर्धकडक प्लॅस्टिक पाइप वापरले जातात. ते टिकाऊ आणि बसवायला सोपे आहेत, पण थेट पंपाला जोडले तर पंपाचा प्रत्येक ठोका भिंतींपर्यंत नेतात आणि मऊ बैठकीचा फायदाही नाहीसा करतात, कारण कडक पाइप पंपाला धरून ठेवतो. म्हणून पंपाच्या दोन्ही बाजूंना किमान ४५० मिलिमीटर लांबीची लवचीक होज असावी, अशीच सूचना पंपांच्या माहितीपत्रकांत आढळते. ही होज सरळ ताणून न लावता सैल वळण देऊन लावावी, मात्र ती दुमडू देऊ नये.

होज निवडताना पुढील बाबी पाहाव्यात:

- ती पिण्याच्या पाण्यासाठी योग्य असल्याचे तिच्यावर छापलेले असावे. बागेला पाणी घालण्याची होज पाण्याला वास देते आणि उन्हात लवकर खराब होते.
- तिच्यात जाळीचा किंवा तारेचा थर असावा, म्हणजे शोषणाच्या बाजूला ती चेपणार नाही आणि दाबाच्या बाजूला फुगणार नाही.
- तिचा आतील व्यास १२ ते १३ मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. अरुंद पाइपमधून ओढताना पंप अधिक वाजतो.
- क्लिपा स्टेनलेस पोलादाच्या असाव्यात; साध्या क्लिपा खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात.

पुढे पाइप ज्या ज्या ठिकाणी लाकडाला किंवा फायबरला टेकतो ती ठिकाणे पंप चालू असताना हाताने चाचपून शोधावीत. भिंतीच्या भोकातून पाइप जात असेल तर भोकात रबरी कडे किंवा उभी चिरलेली जुनी होज बसवावी. पाइप धरणाऱ्या क्लिपांना रबरी अस्तर असावे. प्लॅस्टिकच्या पट्टीने पाइप पातळ फळीला करकचून बांधणे टाळावे, कारण त्यामुळे ती फळी पाइपचा आवाज मोठ्याने ऐकवू लागते.

जाळी पंपाच्या शोषणाच्या तोंडाशी असावी, परंतु बारीक कार्बन फिल्टर त्या बाजूला कधीही लावू नये. त्यातून पाणी ओढताना पंपाची दमछाक होते आणि पाण्यात पोकळी निर्माण होऊन खडखडाट वाढतो. त्याची जागा पंपाच्या पुढे आहे.

नळ झटकन बंद केल्यावर पाइपमध्ये एकच ठोका ऐकू येणे हा वेगळा प्रकार होय. वाहते पाणी एकदम अडल्याने त्याचा धक्का पाइपला बसतो. पाइप नीट धरलेले असतील आणि दाबटाकी बसवलेली असेल तर तो बहुधा आपोआप नाहीसा होतो.

दाबटाकी: आवाज कमी करणारी आणि पंपाचे चालणेही कमी करणारी

बाजारात प्रेशर टँक किंवा अ‍ॅक्युम्युलेटर या नावाने मिळणाऱ्या टाकीत रबरी पिशवी असते. पिशवीच्या एका बाजूला दाबलेली हवा आणि दुसऱ्या बाजूला पाणी राहते. ती पंपाच्या पुढे, नळांकडे फाटे फुटण्यापूर्वी, टी-जोडाने बसवतात. ती दोन कामे करते. पंपाचे ठोके हवेच्या उशीत विरून पाणी सलग वाहू लागते, आणि पंप थांबलेला असतानाही थोडे पाणी दाबाखाली साठून राहते, त्यामुळे लहानसहान वापरासाठी पंप चालतच नाही.

किती पाणी साठते याबद्दल मोठा गैरसमज आहे. एक लिटरच्या टाकीत एक लिटर पाणी मिळेल असे गृहीत धरले जाते, पण तसे होत नाही, कारण टाकीचा मोठा भाग हवेने व्यापलेला असतो. पंप २५ पीएसआयला सुरू होऊन ४० पीएसआयला थांबत असेल आणि हवा २३ पीएसआयला भरलेली असेल, तर हवा दाबली जाण्याच्या नियमानुसार दोन दाबांच्या दरम्यान टाकीच्या एकूण आकारमानाच्या सुमारे पाव भाग पाणी वापरता येते. म्हणजे एक लिटरच्या टाकीतून एक पेला पाणी मिळते, तर आठ लिटरच्या टाकीतून सुमारे दोन लिटर. ठोके शमवण्यासाठी लहान टाकी पुरते. पण रात्री हात धुणे, चूळ भरणे, पेलाभर पाणी घेणे ही कामे पंप न वाजता व्हावीत अशी अपेक्षा असेल तर जागा काढून मोठीच टाकी बसवावी. पहिल्याच वेळी लहान टाकी घेऊन निराश होणारे अनेक असल्यामुळे हा हिशेब आधी करणे हितावह आहे.

हवेचा दाब लावण्याची रीत अशी:

१. पॅनेलवरील स्विचने पंप बंद करावा आणि सर्वांत खालच्या पातळीचा नळ उघडून पाणी पूर्ण थांबेपर्यंत वाहू द्यावे. पाइपमध्ये दाब शिल्लक असताना घेतलेले मोजमाप चुकीचे असते.

२. टाकीच्या टोकाला मोटारीच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. टायरच्या गेजने त्यावरील दाब पाहावा.

३. हा दाब पंपाच्या सुरू होण्याच्या दाबापेक्षा दोन ते तीन पीएसआयने कमी ठेवावा. माहितीपत्रकात वेगळा आकडा दिलेला असल्यास तोच मानावा. हवा सायकलच्या पंपाने भरावी, कारण कॉम्प्रेसरच्या झोताने लहान पिशवी फाटण्याचा धोका असतो.

४. नळ बंद करून पंप सुरू करावा, तो थांबल्यावर एकेक नळ उघडून पाइपमधील हवा काढून टाकावी.

नळ उघडल्यावर पाणी येऊन क्षणभर थांबते आणि मग पंप सुरू होतो, असे होत असेल तर हवा जास्त भरलेली आहे. काही महिन्यांनी पंप पुन्हा वारंवार चालू-बंद होऊ लागला तर हवा कमी झालेली आहे. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले तर पिशवी फाटलेली आहे आणि ती किंवा टाकी बदलावी लागेल.

एक सावधगिरी महत्त्वाची आहे. मोटरची गती मागणीनुसार आपोआप बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पंपांना दाबटाकी सहसा चालत नाही, कारण दाबातील जो सूक्ष्म बदल पाहून तो पंप गती ठरवतो तोच ही टाकी पुसून टाकते. अशा पंपाचे माहितीपत्रक वाचल्याशिवाय टाकी विकत घेऊ नये.

वीज आणि दाबाचा स्विच

बारीक वायरमुळे पंपापर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नसेल तर मोटर मंदावते, तापते, थांबण्याच्या दाबापर्यंत पोहोचण्यास वेळ घेते आणि त्यामुळे आवाजही लांबतो. पंप चालू असताना त्याच्याच टोकांवर मल्टीमीटर लावून बॅटरीवरील आकड्याशी तुलना करावी. बॅटरीपासून पंप सहा मीटरवर असेल तर जाण्यायेण्याची वायर बारा मीटर होते. त्यातून सात अँपिअर प्रवाह जाताना १.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये सुमारे एक व्होल्ट वाया जातो, तर ४ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये ०.४ व्होल्टच्या आसपास. वायर कथिलाचा मुलामा असलेली असावी, कारण उघडे तांबे खाऱ्या हवेत काळे पडून जोड कमजोर होतात. फ्यूज पंपावर लिहिलेल्या आकड्याचाच वापरावा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून हे काम निर्धास्तपणे केले जाते, पण बॅटरीच्या दोन टोकांत शॉर्ट झाल्यास आग लागू शकते. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा.

दाबाच्या स्विचवर एक समायोजनाचा स्क्रू असतो. तो थोडा सैल केल्यास थांबण्याचा दाब उतरतो आणि पंप कमी जोराने चालतो. मात्र काही उत्पादक या स्क्रूला हात लावण्यास मनाई करतात आणि तसे केल्यास हमी रद्द ठरवतात. परवानगी असल्यास एकावेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये आणि मूळ जागेची खूण करून ठेवावी. दाबटाकी असेल तर स्विच बदलल्यानंतर तिच्यातील हवेचा दाबही पुन्हा लावावा लागतो.

पेटी: सर्वांत शेवटी

बैठक आणि पाइप सुधारल्यानंतरही हवेतून येणारा आवाज त्रासदायक वाटत असेल तरच आच्छादनाचा विचार करावा. मोटरभोवती फोम गुंडाळणे हा चुकीचा मार्ग आहे. या मोटरी सतत चालण्यासाठी नव्हे, थांबत थांबत चालण्यासाठी बनवलेल्या असतात आणि त्यांची उष्णता बाहेर पडली नाही तर त्या बंद पडतात. त्यापेक्षा ज्या कप्प्यात पंप आहे त्याच्या झाकणाला आतून जड व्हिनाइलचा थर आणि त्यावर बंद छिद्रांचा फोम लावावा, झाकणाच्या कडेला मऊ पट्टी लावून फटी बुजवाव्यात आणि हवेसाठी वळणाचा मार्ग मोकळा ठेवावा. उघड्या छिद्रांचा फोम वापरू नये. तो तळातील ओल शोषून घेतो आणि त्याला बुरशी येते.

ज्या नौकेत पेट्रोल इंजिन आहे किंवा गॅसची टाकी आहे, तेथे एक नियम कधीही मोडू नये. इंधनाची वाफ साचू शकेल अशा कप्प्यात केवळ ठिणगीपासून सुरक्षित असल्याचे, म्हणजेच आयएसओ ८८४६ या मानकाचे पालन करणारे विद्युत उपकरणच बसवावे. आवाज कमी व्हावा म्हणून पंप केबिनमधून उचलून पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यात हलवणे जिवावर बेतू शकते.

पंप बदलायचाच असेल तर

मोठा पंप शांत असतो, ही समजूत निराधार आहे. एक-दोन नळ असलेल्या नौकेला मिनिटाला ७ ते ११ लिटर देणारा पंप पुरतो; १७-१९ लिटरचा पंप बसवला तर तो अर्ध्या उघड्या नळावर अधिकच वेगाने चालू-बंद होतो. निवड करताना पुढील पर्याय आहेत.

- चार-पाच कप्प्यांचा आणि आतून बायपास असलेला डायफ्रॅम पंप. मागणी कमी असताना पाणी आतल्या आत फिरवून तो चालू-बंद होणे टाळतो. जुन्या जागेवर सहज बसतो.
- गती बदलणारा इलेक्ट्रॉनिक पंप. मंद धारेला मंद चालतो, त्यामुळे रात्री सोयीचा. किंमत अधिक आणि दुरुस्ती अवघड.
- दातेरी चाकांचा म्हणजे गिअर पंप. यात पाणी ठोक्यांशिवाय सलग वाहते, मात्र गाळ आणि कोरडे चालणे त्याला सोसत नाही, म्हणून चांगली जाळी अनिवार्य.
- टाकीत बुडणारा पंप. पाण्याखाली असल्याने आवाज फारच कमी येतो, पण दाबही कमी मिळतो आणि नळांमध्ये स्वतंत्र स्विच लागतात.
- पायाने चालवायचा पंप. मुख्य पंप तसाच ठेवून स्वयंपाकाच्या ओट्यापाशी असा एक पंप आणि वेगळी तोटी बसवली तर रात्रीचा प्रश्न विजेशिवाय सुटतो, पाण्याची मोठी बचत होते आणि बॅटरी संपल्यावरही पिण्याचे पाणी मिळते. लहान नौकेसाठी हा पर्याय जितका विचारात घेतला जायला हवा तितका घेतला जात नाही.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात. हे सर्व काम त्या काळात करणे सोयीचे असते. मात्र चाचणीसाठी टाकीत पाणी भरलेले असावे, आणि काम झाल्यावर किंवा नौका सोडून जाताना पंपाचा पॅनेलवरील स्विच बंद करावा. अन्यथा एखादा जोड निसटल्यास पंप संपूर्ण टाकी नौकेच्या तळात ओतून टाकतो आणि पुढे कोरडाच चालत राहतो.

खरेदी, हमी आणि ग्राहकाचे हक्क

भारतात पंप घेताना बिल आणि हमीपत्र दोन्ही घ्यावीत आणि दोन्हींवर मॉडेल क्रमांक असल्याची खात्री करावी. बसवण्यापूर्वी हमीच्या अटी वाचाव्यात. जाळी न लावणे, कोरडा चालवणे किंवा स्विच उघडणे यांमुळे हमी रद्द होत असल्यास ते तेथे लिहिलेले असते. नवा पंप पहिल्याच दिवशी असामान्य वाजत असेल तर तो उघडण्याऐवजी बैठकीवरून सोडवून, टॉवेलवर ठेवून चालवावा आणि त्याचे आवाजासह चित्रीकरण करावे, म्हणजे दोष नौकेच्या फळीचा नसून पंपाचा आहे हे दाखवता येते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे परत करण्यास बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. प्रथम विक्रेत्याला लेखी कळवावे, उत्तर न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि तरीही प्रश्न न सुटल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे.

पर्यटकांना भाड्याने नौका देणाऱ्यांनी एक भेद जाणून घ्यावा. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याखाली ग्राहक मानला जात नाही. परंतु जो स्वतः नौका चालवून केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करतो, त्याला कायद्यातील स्पष्टीकरणाने ग्राहकाचेच संरक्षण दिलेले आहे. त्यामुळे मालवणात किंवा मांडवीवर स्वतःची एक नौका स्वतः चालवणाऱ्या तांडेलाने, विक्रेत्याने ‘हा धंद्याचा माल आहे’ असे सांगितले तरी तक्रारीचा हक्क सोडू नये, आणि तक्रारीत आपली उपजीविका याच नौकेवर चालते हे स्पष्टपणे नमूद करावे.